गीतांची यादी एकच असावी: उपासनेच्या तयारीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांत ख्रिस्ती मंडळ्यांच्या गायनप्रमुखांची पत्रे बरीच आहेत. प्रत्येकाची अडचण निराळी असली तरी तिच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: रविवारच्या उपासनेची माहिती एका ठिकाणी नसते. त्यातील काही प्रश्न येथे संक्षेपाने देऊन उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावच्या मंडळीत मी तीन वर्षांपासून गायनाची जबाबदारी सांभाळते. शनिवारी रात्री मी गीतांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मग पाळकसाहेब एक गीत बदलतात, मी नवी यादी टाकते, आणि मध्येच कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. रविवारी सकाळी पेटीवाले काका जुन्या यादीवर असतात आणि तबला वाजवणारा मुलगा नव्या यादीवर. यासाठी एखादे ॲप आहे का? आमच्याकडे खर्चाला पैसे नाहीत.

उत्तर : ॲप आहेत. पण आपली अडचण ॲप नसल्याची नाही. व्हॉट्सॲप हे निरोपाचे साधन आहे आणि आपण त्याच्याकडून नोंदवहीचे काम करून घेत आहात. निरोप वर सरकत जातो; नोंदवहीचे पान मात्र जिथल्या तिथे राहते आणि त्यात दुरुस्ती केली की जुने शिल्लक उरत नाही. म्हणून यादी ग्रुपवर पाठवायचीच नाही, ती एका जागी ठेवायची आणि ग्रुपवर फक्त त्या जागेचा पत्ता द्यायचा, एवढा एक बदल आधी करावा.

त्यासाठी गूगल शीट्स पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे आणि साध्या स्मार्टफोनवरही चालते. त्यात दोन पाने करावीत. पहिल्या पानावर मंडळीत गायिली जाणारी सर्व गीते, एका ओळीत एक गीत: गीतपुस्तकातील क्रमांक, पहिली ओळ, पट्टी, ताल, कोणत्या प्रसंगाला शोभते, आणि शेवटचे कधी गायिले ती तारीख. दुसऱ्या पानावर येत्या रविवारांचा उपासनाक्रम: सुरुवातीचे गीत, वाचनापूर्वीचे, अर्पणाच्या वेळचे, प्रभुभोजनाचे आणि समारोपाचे. गीताच्या नावापुढे कोणती कडवी गायची तेही लिहावे. माझ्या अनुभवात रविवारचा निम्मा गोंधळ गीतामुळे होत नाही, कडव्यांमुळे होतो. पुढे उभी असलेली व्यक्ती तिसरे कडवे गाळते, पेटी तिसऱ्यावरच असते आणि मंडळी दोघांकडे पाहत गप्प राहते. ‘१, २, ५’ असे तीन आकडे आधी लिहिलेले असले की हे टळते.

या पानांवर लिहिण्याचा अधिकार फक्त आपल्याकडे आणि पाळकसाहेबांकडे असावा. इतरांना ती केवळ पाहता यावीत. पाळकसाहेबांनी गीत बदलले की ते पानावरच बदलेल आणि पेटीवाल्या काकांना जुनी यादी दिसणारच नाही. कोणी चुकून काही पुसले तर आवृत्तींच्या इतिहासात जाऊन आदल्या दिवशीचे पान परत आणता येते. गावात नेटवर्क जात असेल तर वादकांनी आपल्या फोनवर ते पान ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावे आणि शनिवारी नेटवर्क असताना एकदा उघडून पाहावे. पानाचा पत्ता ग्रुपच्या वर्णनात लिहावा, म्हणजे तो शुभेच्छांच्या खाली गाडला जाणार नाही. सरावाला कोण येणार हे विचारण्यासाठी व्हॉट्सॲपवरील मतदानाची सोय चांगली आहे. त्या कामासाठी तेच साधन योग्य.

परदेशातील मंडळ्यांत प्लॅनिंग सेंटरसारखी सेवा वापरतात. त्यात उपासनाक्रम, वादकांच्या पाळ्या, कोण कोणत्या रविवारी उपलब्ध नाही, हे सर्व असते. निमंत्रण जाते आणि माणूस होकार किंवा नकार कळवतो. तीन-चार उपासना आणि तीस-चाळीस स्वयंसेवक असलेल्या शहरी मंडळीला तिचा उपयोग आहे. सात जणांच्या गायनमंडळाला मी ती सुचवणार नाही. सात जणांना फोन करून विचारता येते, आणि विचारावेही. आजारी आईमुळे कोणी सरावाला येत नसेल तर ते फोनवरच कळते.

शेवटचे गायिल्याची तारीख लिहिण्याचा आळस करू नये, ही एक विनंती. सहा महिन्यांनी त्या स्तंभाप्रमाणे यादी लावून पाहा. तीच पंधरा-वीस गीते फिरून फिरून येत आहेत आणि आजी-आजोबांना पाठ असलेली कित्येक गीते वर्षभरात एकदाही झाली नाहीत, हे आकड्यांत दिसले की गीत निवडण्याची आपली पद्धतच बदलते.

प्रश्न : आमच्या पुण्यातील मंडळीने मोठा पडदा आणि प्रोजेक्टर घेतला. एका जुन्या सभासदाने वर्षानुवर्षे टाइप केलेली सुमारे तीनशे मराठी गीते आमच्याकडे आहेत. पण नव्या लॅपटॉपवर ती उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच दिसतात. पुन्हा सगळे टाइप करावे लागेल का? आणि पडद्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

उत्तर : हा प्रश्न वाचून मला आमच्या मंडळीतील एक ईस्टरची पहाट आठवली. नेहमीचा संगणक सुरू होईना, म्हणून कोणीतरी घरचा लॅपटॉप आणला, आणि पुनरुत्थानाच्या गीताच्या जागी पडद्यावर कंस, टक्केवारीची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे उमटली. मंडळीला गीत पाठ होते म्हणून उपासना पार पडली. पण नुकताच येऊ लागलेला एक तरुण पूर्ण वेळ हात बांधून उभा होता, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कारण असे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक आकडे साठवलेले असतात आणि त्यांवर देवनागरीचे चित्र चढवण्याचे काम तो फॉन्ट करतो. फॉन्ट नसला की चित्र जाते आणि मूळ चिन्हे उघडी पडतात. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. तेथे ‘क’ हा कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो, शोधता येतो आणि फोनवरही वाचता येतो.

पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. कोणत्या फॉन्टमध्ये मजकूर आहे ते आधी शोधावे आणि त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) तो युनिकोडमध्ये आणावा. मात्र परिवर्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आधी चार-पाच गीते बदलून काही शब्द तपासावेत: ‘ख्रिस्त’, ‘कृपा’, ‘आत्म्याने’, आणि नाताळच्या गीतांतील ‘ताऱ्यांनी’. हा शेवटचा शब्द हटकून ‘तार्यांनी’ होतो. मग गीते वाटून घ्यावीत. दहा जणांनी तीस-तीस गीते छापील पुस्तकासमोर ठेवून वाचली, तर काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. तरुण संघाने फोनवर आणि ज्येष्ठांनी पुस्तकात, अशा जोड्या लावल्या तर फारच उत्तम, कारण छापील चूक कोणती आणि टाइपाची कोणती हे ज्येष्ठांना नेमके ठाऊक असते.

येथे शुद्धलेखनाचा एक प्रश्न येईल, तो आधीच सांगतो. मराठी लेखनाचे आजचे नियम १९६२ मध्ये आले आणि आपली पुष्कळ गीते त्याहून जुनी आहेत. त्यांत ‘प्रभु’, ‘येशु’ असे ऱ्हस्व अंत्याक्षर आणि उच्चारात नसलेले अनुस्वार आढळतात. नव्या पिढीतील उत्साही मुले ते ‘सुधारू’ पाहतात. त्यांना कृपया थांबवावे. वृत्तात बांधलेल्या गीतात ऱ्हस्वाचे दीर्घ केले की मात्रा वाढते आणि ओळ तालातून बाहेर जाते. कडव्यांतील लेखन कवीने केले तसेच ठेवावे. फक्त शीर्षकाच्या आणि शोधशब्दांच्या जागी आजचे लेखन लिहावे, म्हणजे ‘येशू’ टाइप करणाऱ्यालाही गीत सापडेल.

पडद्यासाठी ओपनएलपी हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे असे मी सुचवेन. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, गीतांचा संग्रह ठेवते आणि पहिल्या ओळीवरून किंवा मधल्या शब्दावरूनही गीत शोधून देते. फ्रीशो हेही विनामूल्य आहे आणि दिसायला अधिक आधुनिक. प्रोप्रेझेंटर आणि ईझीवर्शिप यांना पैसे पडतात. व्हिडिओ आणि थेट प्रक्षेपणाचा मोठा पसारा नसेल तर त्यांवाचून काही अडत नाही.

ओपनएलपीमधील एक सोय मराठी मंडळ्यांनी जरूर वापरावी, ती म्हणजे कडव्यांचा क्रम. ही सॉफ्टवेअर ज्या मंडळ्यांसाठी मुळात घडली, त्यांच्या गीतांची रचना निराळी असते. आपल्याकडे प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपदावर यायचे असते आणि ते बहुधा दोनदा गायचे असते. ध्रुपद एकदाच टाइप करून क्रमाच्या जागी ‘ध्रुपद, पहिले, ध्रुपद, दुसरे, ध्रुपद’ अशी रचना त्यांच्या खुणांत लिहिली, की पडदा चालवणाऱ्याला मागे-पुढे उड्या माराव्या लागत नाहीत. शिवाय संगणक आणि फोन एकाच वायफायवर असतील तर गायकांना आपल्या फोनच्या ब्राउझरमध्ये चालू कडवे आणि पुढचे कडवे दिसू शकते. पडदा पाठीमागे असलेल्यांना वळून पाहावे लागत नाही, हा फार मोठा लाभ आहे.

अक्षरांसाठी ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी कोणताही फॉन्ट चालेल. पडद्यावर एका वेळी चारपेक्षा अधिक ओळी नसाव्यात आणि ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो आणि मागच्या बाकावरच्या आजींना तो शब्द लागत नाही.

प्रश्न : आमच्या गायनमंडळात पेटी आणि तबला वाजवणारे ज्येष्ठ आहेत, तर गिटार आणि कीबोर्ड वाजवणारी मुले आहेत. ज्येष्ठ म्हणतात ‘काळी चार’, मुले विचारतात ‘कॉर्ड कोणते?’ दोघांना एकाच कागदावर कसे आणावे? (कोल्हापूर)

उत्तर : दोघेही एकच गोष्ट बोलत आहेत, म्हणून हे काम सोपे आहे. गीतांच्या यादीत पट्टीसाठी दोन स्तंभ ठेवावेत. काळी एक म्हणजे मुलांचा सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. पांढरी एक म्हणजे सी. गिटारवाल्या मुलाला काळी चार अवघड वाटते, कारण त्या पट्टीतील कॉर्ड हाताला सहज बसत नाहीत. त्याने गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जीचे आकार वाजवावेत. काळी एकसाठी पहिल्यावर कॅपो आणि सीचे आकार, काळी तीनसाठी दुसऱ्यावर कॅपो आणि ईचे आकार. पट्टी मात्र गळ्यावरून ठरावी. वाद्याच्या सोयीसाठी मंडळीला वरच्या पट्टीत ओढू नये.

कॉर्ड लिहिण्यासाठी कॉर्डप्रो नावाची साधी पद्धत आहे: गीताच्या ओळीतच, ज्या अक्षरावर कॉर्ड बदलतो त्याच्या आधी तो चौकटी कंसात लिहायचा. अशी फाइल ऑनसाँग, ओपनसाँग यांसारख्या अनेक ॲपमध्ये उघडते आणि पट्टी बदलली की सर्व कॉर्ड आपोआप बदलतात. मराठीत एक दक्षता घ्यावी: कंस जोडाक्षराच्या मध्ये टाकू नये. ‘ख्रि’च्या मध्ये कंस आला तर अक्षर तुटते, तो नेहमी पूर्ण अक्षराच्या आधी असावा.

पण पट्टी आणि कॉर्ड यांपेक्षा मला चालीची काळजी अधिक वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाच्या आणि इतर देशी चालींवर गीते लिहिली आणि मराठी मंडळी ती आजही गाते. एकच गीत एका गावात एका चालीवर आणि चाळीस मैलांवर दुसऱ्या चालीवर गायिले जाते, दोन्ही चाली सुंदर असतात, आणि दोन्ही फक्त गळ्यांत असतात. कॉर्डच्या कागदावर चाल उतरत नाही. मुलांना कॉर्ड सापडतात, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज कुठे कसा वळतो ते ठाऊक नसल्याने ते गीत हळूहळू बाजूला पडते.

म्हणून आपल्या पेटीवाल्यांना एखाद्या दुपारी निवांत बसवावे, खिडक्या-पंखे बंद करावेत, फोन पेटीपासून हातभर अंतरावर ठेवावा आणि ध्रुपद व एक कडवे एवढेच रेकॉर्ड करावे. दीड मिनिट पुरते. फाइलचे नाव ‘ऑडिओ ००१७’ असे राहू देऊ नये. गीताचा क्रमांक, पहिली ओळ, पट्टी आणि चाल कोणत्या गावची ते नावातच लिहावे. मग ती फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तिचा दुवा यादीतील त्या गीताच्या ओळीत जोडावा. गूगलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी जागा मिळते. अशी हजार गीते ठेवली तरी ती भरत नाही. आपल्याकडील ज्येष्ठांचे वय पाहता हे काम या पावसाळ्यातच हाती घ्यावे, असे मी कळकळीने सांगतो.

प्रश्न : वसईतील आमच्या धर्मग्रामात मी मिस्सासाठी (कॅथलिक उपासनेसाठी) गीते निवडते. दरवर्षी त्याच रविवारसाठी पुन्हा सगळे शोधत बसावे लागते. जुन्या नोंदी तारखेप्रमाणे आहेत, पण त्यांचा उपयोग होत नाही.

उत्तर : नोंद तारखेने न करता रविवारच्या नावाने करावी. ईस्टर २०२५ मध्ये २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला आणि २०२७ मध्ये तो २८ मार्चला येतो. त्याबरोबर राखेचा बुधवार आणि पुढचे सर्व रविवार सरकतात. ‘प्रायश्चित्तकाळाचा (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा) तिसरा रविवार’ हे नाव मात्र सरकत नाही.

दुसरे असे की रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात: अ वर्षात प्रामुख्याने मत्तयाचे शुभवर्तमान, ब वर्षात मार्काचे आणि क वर्षात लूकाचे. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते क वर्ष. २०२५ हे क, २०२६ अ आणि २०२७ ब. हे वर्ष आधीच्या आगमनकाळापासून (नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळापासून) सुरू होते, एवढे लक्षात ठेवावे. म्हणून आपल्या तक्त्यात ‘काळ’, ‘रविवार’ आणि ‘अ, ब, क’ असे तीन स्तंभ करावेत. वाचनाला आणि प्रतिसाद स्तोत्राला धरून निवडलेली गीते तीन वर्षांनी पुन्हा हाताशी येतील. प्रायश्चित्तकाळातील रविवारच्या ओळींना वेगळा रंग द्यावा, कारण त्या काळात आलेलुया आणि गौरवगीत गायिले जात नाही, आणि घाईत नेमकी तीच चूक होते.

प्रश्न : गीतपुस्तकाची पाने स्कॅन करून ग्रुपवर टाकणे कायद्याला धरून आहे का? (नाशिक)

उत्तर : भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. टिळकांच्या गीतांवरील मुदत केव्हाच संपली आहे. ती टाइप करून वाटण्यास हरकत नाही. हयात किंवा अलीकडे निवर्तलेल्या कवींच्या गीतांचे तसे नाही. प्रामाणिक धार्मिक विधीत गीत गाण्याला कायद्याने सूट दिली आहे. पण ही सूट गाण्यापुरती आहे, प्रती काढून वाटण्यापुरती नाही. नव्या गीतांसाठी कवीला किंवा प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागावी. मंडळीच्या उपयोगासाठी ती सहसा आनंदाने मिळते. ते पत्र त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवावे.

प्रश्न : आमचे आधीचे गायनप्रमुख नोकरीनिमित्त परगावी गेले. गीते, वादकांच्या याद्या, रेकॉर्डिंग, सर्व काही त्यांच्या वैयक्तिक खात्यावर होते. आता फोन केला तर ते शोधून पाठवतात, पण किती वेळा विचारायचे? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ही चूक त्या गृहस्थांची नव्हे, त्यांनी जे हाताशी होते त्यावर काम केले. मंडळीने आता स्वतःच्या नावाचे एक ईमेल खाते उघडावे. त्याचा पासवर्ड पाळक आणि सचिव या दोघांकडे बंद पाकिटात असावा, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक मंडळीच्या कार्यालयाचा असावा. आधीच्या प्रमुखांना विनंती करून त्यांचे सगळे फोल्डर या खात्याला दाखवायला सांगावे आणि आपण त्यांच्या प्रती आपल्या खात्यात करून घ्याव्यात. केवळ दुवा जपून ठेवू नये. मूळ फाइल पुसली गेली की दुवा मरतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल मजकुरासह काढून टाकू शकते, हेही ध्यानात असावे.

वादकांचे फोन क्रमांक आणि पत्ते असलेला तक्ता गीतांच्या तक्त्यापासून वेगळा ठेवावा. गीते सर्वांनी पाहावीत. लोकांचे क्रमांक सर्वांनी पाहण्याचे कारण नाही. वर्षातून दोनदा, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी आणि मंडळीच्या वार्षिक सभेच्या वेळी, सर्व फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती कार्यालयातील कपाटात, नोंदवह्यांशेजारी ठेवावी आणि पाकिटावर तारीख घालावी. आणि आधीच्या प्रमुखांना पुढच्या फोनवर काही मागू नये. नव्या यादीचा दुवा पाठवून त्यांच्या काळातील कोणते गीत राहून गेले आहे, तेवढे विचारावे.